दोन रांगांमधली दुर्वांची जुडी

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही. परवा आमच्या नोएडातल्या सोसायटीच्या बैठकीत ते पुन्हा उफाळून वर आलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक आयटीवाला तरुण, स्वभावाने चांगला, माझ्यापुढे एक अर्ज घेऊन उभा राहिला. दुचाकीवाल्यांना गाड्यांच्या दोन रांगांमधून जायला पूर्ण बंदी करा, जो जाईल त्याचं लायसन्स काढून घ्या, अशी त्यात मागणी होती.

"काका, तुम्ही पोलिसात होता. पहिली सही तुमचीच पाहिजे यार," तो म्हणाला.

मी सही केली नाही. बैठकीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चोराला पाठीशी घालतोय. का नाही केली, हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो आहे. नाव कुणाचंच घेणार नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सब-इन्स्पेक्टर म्हणून दिल्ली पोलिसात लागलो आणि दिल्लीतच निवृत्त झालो. हे घडलं तेव्हा मी एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या हद्दीत यमुनेवरच्या एका पुलाचा अर्धा भाग येत असे. त्या पुलाच्या दोन्ही कठड्यांवर उंच जाळी लावलेली आहे, कारण लोक पूजेची फुलं, नारळ, देवांच्या जुन्या तसबिरी, सगळं काही नदीत टाकतात. जाळी लावली तरी टाकतात. गाडी उभी करायची, पळत जायचं, जाळीच्या फाटक्या जागेतून पिशवी लोटायची आणि हात जोडून परत यायचं. माझे शिपाई त्यांच्यावर ओरडून थकले होते.

गणेशोत्सवाचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती, ड्युट्या वाटून झाल्या होत्या आणि चहा यायचा होता. तेवढ्यात पुलावर अपघात झाल्याची खबर आली. पूल दोन्ही टोकांना गच्च भरलेला होता. तिथे पहिला पोचला तो आमचा मोटरसायकलवरचा शिपाई. कुठून पोचला? दोन रांगांच्या मधून. ही गोष्ट कुणी मुद्दाम लिहून ठेवत नाही, म्हणून मी इथे लिहितो आहे.

एक मोटरसायकलवाला पडला होता. वाहतूक जवळजवळ थांबलेली होती, तो दोन रांगांमधून हळूहळू पुढे चालला होता, एका मोटारीला धडकून डाव्या बाजूला पडला आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या रांगेतली बस पुढे सरकली. मांडीचं हाड मोडलं. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण शुद्ध गेली.

मोटारीचे मालक केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. तासाभरात ते ठाण्यात आले. माझ्या छातीवरची पाटी वाचली आणि चेहरा एकदम सैल झाला.

"अरे, तुम्ही आपले! मग प्रश्नच मिटला," ते मराठीत म्हणाले.

त्यांचा जबाब सरळ होता. मोटार दुसऱ्या रांगेत उभी होती. आत ते आणि त्यांच्या पत्नी, काचा बंद, एसी चालू. मागून हा मोटरसायकलवाला मधल्या फटीतून सुसाट आला आणि डाव्या दारावर आदळला. जबाबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मधून जाणारा दुचाकीवाला म्हटलं की चूक कोणाची, हे दिल्लीत कुणाला विचारावं लागत नाही. त्यांच्या तक्रारीवरून जखमी माणसावरच बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. तपास एका महिला सब-इन्स्पेक्टरकडे दिला. ती हरियाणाची, बोलायला फटकळ आणि कामाला पक्की.

काही दिवसांनी तो शुद्धीवर आला, तेव्हा तिच्याबरोबर मीही इस्पितळात गेलो. चाळिशीचा माणूस. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करायचा. शहरात कुठेही लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली, की कंपनी याला पिटाळायची. त्या सकाळीही एका इमारतीत माणसं अडकली होती आणि हा तिकडेच निघाला होता. पाय प्लास्टरमध्ये, शेजारी बायको उभी. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "लिख लो साहब, मेरी गलती थी।"

"तुला आठवतंय?" मी हिंदीत विचारलं.

"याद तो कुछ नहीं है। चाय पी के घर से निकला था, बस वहीं तक।"

"फिर गलती कैसे पता?"

"सब बोल रहे हैं साहब। बीच में से निकाल रहा था।"

बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मैं तो रोज़ बोलती थी, बीच में से मत निकाला करो। सुनता कौन है? अब कंपनी बोल रही है, केस से छूट के आओ, तब देखेंगे।"

माझं डोकं फिरलं. नोकरीत मी खून करून कानांवर हात ठेवणारे पाहिले होते. पण स्वतःला काहीही आठवत नसताना, सगळे म्हणतात म्हणून गुन्हा कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि सगळे म्हणजे कोण? जे तिथे नव्हतेच ते. मी सब-इन्स्पेक्टरला सांगितलं, हा कबुलीजबाब लिहायचा नाही.

त्यानंतर ठाण्याच्या फोनवर एक फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. म्हणाला, "वो पुल वाले एक्सीडेंट में गाड़ी का दरवाज़ा खुला था। लेडीज़ उतर रही थी, हाथ में थैली थी। मैं पीछे वाली गाड़ी में था।" आमच्या ड्युटी अंमलदाराने गवाही द्याल का म्हणून विचारलं, तर फोन बंद. अशी माणसं मी आयुष्यभर पाहिली. खरं सांगितल्याशिवाय त्यांना झोप येत नाही आणि नाव सांगायला त्यांचा जीव धजत नाही.

नुसत्या निनावी फोनवर एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला खोटं ठरवता येत नाही. मोटार तर त्यांनी सोडवून नेली होती आणि दारही करोल बागेत जाऊन बदलून घेतलं होतं. तेही सगळं पावतीसकट, राजरोस. उरली फक्त मोटरसायकल. ती आमच्या मालखान्यात, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू ठेवतात तिथे, भिंतीला टेकवून ठेवली होती. मी आणि सब-इन्स्पेक्टर ती पाहायला गेलो.

हँडलची मूठ पुढून चेपली होती. बंद दाराच्या सपाट पत्र्यावर आदळली असती तर ती बाजूने घासली असती. समोर काहीतरी आडवं आलं होतं. पण न्यायालयात एवढ्याने भागत नाही. तेवढ्यात सब-इन्स्पेक्टर खाली वाकली आणि लेगगार्डकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, या घास-फूस अटकी पड़ी सै। पुल का कूड़ा होगा।"

मी वाकून पाहिलं. लेगगार्डच्या नळीत फाटक्या पिशवीचा तुकडा अडकला होता आणि त्यात वाळलेलं गवत. गवत नव्हतं ते. देठं एका उंचीची, बुडाशी लाल दोऱ्याने घट्ट बांधलेली. शेजारी केवड्याच्या पानाचा तुकडा आणि सुकलेलं जास्वंद. दुर्वांची जुडी होती ती. लहानपणी माझी आई मला अंगणात बसवून त्या निवडायला लावायची, एक चुकीची आली की परत मोजायला लावायची. दिल्लीत गणपती आता बरेच लोक बसवतात. पण पत्री, केवडा आणि अशी बांधलेली जुडी ही आपल्याच घरांतली पद्धत. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. आनंद झाला असं म्हणणार नाही, वाईटच वाटलं. हे निर्माल्य कुणाच्या घरचं, हे मला कळलं होतं.

पंच बोलावून रीतसर पंचनामा केला, फोटो काढले आणि सगळं सीलबंद केलं. सब-इन्स्पेक्टरला मी दुर्वा म्हणजे काय ते समजावलं. ती हसून म्हणाली, "तो सर, आपके भगवान जी गवाही दे गए।"

बातमी बाहेर जायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये जेवायचं निमंत्रण आलं. इथल्या मराठी मंडळातले एक जुने ओळखीचे गृहस्थ, मोटारमालकही सोबत. थालीपीठ, लोणी, पुढे श्रीखंड. मी फक्त चहा घेतला.

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?" मंडळवाले म्हणाले. "आपण इथे मूठभर माणसं. एकमेकांना सांभाळायचं नाही तर काय?"

"सांभाळतोच आहे," मी म्हणालो. "साहेबांनी खोट्या जबाबात आणखी रुतू नये म्हणून सांगतोय. स्वतः येऊन खरं सांगा."

मोटारमालक चिडले. "खरं हेच आहे की तो मधून घुसत होता. बिल्कुल बेशिस्त लोक आहेत हे. ती जागा काय त्यांच्यासाठी ठेवलेली असते? आणि एवढी घाई कसली होती त्याला?"

"एका इमारतीत लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली होती. तो त्यांना काढायला चालला होता. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, साहेब?"

मंडळवाले श्रीखंडाकडे पाहत राहिले. मी माझ्या चहाचे पैसे देऊन निघालो. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. मधून जाणाऱ्याची केस आहे, दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा, असा सल्ला मिळाला. मी म्हणालो, लेखी द्या. लेखी आलं नाही, येणारही नव्हतं.

आता साहेबांच्या पत्नीला विचारायचं होतं. बाईंची चौकशी त्यांच्या घरीच करावी लागते आणि सोबत महिला अधिकारी लागते. तसेच आम्ही गेलो. उंच सरकारी इमारतीतला फ्लॅट, दारात रांगोळी. मुलगी अभ्यास करत होती, तिने आईला हाक मारली, "आई, पुलिसवाले आए हैं।" बाई बाहेर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, चेहऱ्यावर झोप नव्हती. नवरा शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसला. तुम्ही थोडं आत बसता का, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "माझ्या घरात मी कुठे बसायचं ते तुम्ही सांगणार?" मी म्हटलं बसा.

मी अपघाताचं काही विचारलंच नाही. वर्षानुवर्षांच्या कामात एक शिकलो होतो. ज्या प्रश्नाचं उत्तर माणूस पाठ करून बसला आहे, तो प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

"तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" मी विचारलं.

"दीड दिवसाचा," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या वेळेपासून."

"दुर्वा इथे कुठे मिळतात हो? आमच्या घरी दरवर्षी पंचाईत."

"मी कुंडीतच लावल्यात. बाजारातल्या बऱ्या नसतात, माती असते." बोलताना त्या जरा मोकळ्या झाल्या. "जुड्याही मीच बांधते. मुलीला शिकवते, पण तिला नाही जमत. म्हणते, आई, छोड़ो ना, रबर बँड लावू."

मी फोटो पुढे ठेवला. मालखान्याची मळकी फरशी, लेगगार्डमधून सोडवून खाली ठेवलेला पिशवीचा तुकडा आणि त्यात लाल दोऱ्याची जुडी.

बाईंचा हात तोंडावर गेला. "अहो, हे असं खाली जमिनीवर का ठेवलंत? पायदळी येतं ना!"

"गप्प बस," नवरा म्हणाला.

त्या क्षणी माझा आवाज चढला. मी चढवला नाही, चढला. "बाई, निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून तुम्ही दार उघडलंत. त्या दाराने एक माणूस बसच्या चाकापाशी पडला. तो पायदळी आलेला चालतो का तुमच्या गणपतीला?"

आतल्या खोलीत मुलीचं पुस्तकाचं पान उलटायचं थांबलं, ते मला कळलं. मग बाई नवऱ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"गाडी हलतच नव्हती. मी म्हटलं, जाम आहे तोवर पटकन टाकून येते. मधल्या जागेतून कठड्यापर्यंत जायचं होतं. मागे पाहिलं नाही. दार उघडलं आणि तो..."

"अगं, काय बोलतेस तू?"

"किती दिवस गप्प बसू?" आता त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात त्याला खरचटलंय. मला झोप लागत नाही हे दिसतंय ना तुम्हाला? देवाचं करायला गेले आणि वर त्या माणसावरच केस घातली आपण."

सब-इन्स्पेक्टरला मराठी येत नव्हतं, पण तिने पाण्याचा पेला उचलून बाईंच्या हातात दिला. तिलाही सगळं समजलं होतं.

पोलिसांपुढचं बोलणं न्यायालयात टिकत नाही, हे मला माहीत होतं. बाईंनाही मी ते लपवलं नाही. वकिलाशी बोला, मग ठरवा, असं सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या विरोधाला न जुमानता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे स्वतःहून जबाब दिला. ते कुठूनसं कळल्यावर तो निनावी फोनवालाही ठाण्यात येऊन बसला, मान खाली घालून. जखमी माणसावरचा गुन्हा रद्द करण्याचा अहवाल गेला आणि तपासाची दिशा उलटी फिरली. पुढे न्यायालयाने कुणाला काय शिक्षा दिली, ते इथे महत्त्वाचं नाही. एवढंच सांगतो, त्या बाईंबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. त्यांच्या नवऱ्याबद्दल आहे.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, ती मात्र मला अजून छळते. बाईंना कुठून जायचं होतं? दोन रांगांमधून. ज्या फटीतून मोटरसायकलवाला गेला म्हणून तो बेशिस्त, त्याच फटीतून बाई चालत जाणार होत्या. माझा शिपाई तिथूनच आला. पाण्याच्या बाटल्या विकणारे तिथूनच फिरतात. ती जागा सगळे वापरतात. दोषी ठरतो तो एकटा दुचाकीवाला, कारण त्याच्याभोवती काच नाही आणि एसी नाही, आणि पडला की बोलायला तो शुद्धीवर नसतो.

मी वेड्यासारखं वळणं घेत जाणाऱ्या पोरांची बाजू घेत नाही. धावत्या वाहतुकीत मधून घुसणाऱ्यांवर मी स्वतः कारवाया केल्या आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण वाहतूक उभी असताना, माणूस चालेल तेवढ्या वेगाने दुचाकी मधून नेली तर तिला जाऊ द्या. कायद्याने उघडपणे जाऊ द्या, नियम घालून द्या. आणि दार उघडण्याआधी मागे वळून बघायला शिका. बंदी घालणं सोपं आहे. त्याने पुढच्या वेळी चौकशी न करताच गुन्हेगार मिळेल, एवढाच फायदा.

त्या वर्षापासून मंडळाच्या आरतीचं निमंत्रण मला येत नाही. घरी आम्ही नवरा-बायको आरती करतो आणि आवाज चांगला लागतो.

गुन्हा रद्द झाल्याचं सांगायला मी त्या लिफ्टवाल्याच्या घरी गेलो होतो. लक्ष्मीनगरच्या गल्लीत तिसरा मजला, आणि गंमत म्हणजे लिफ्ट नाही. तो कुबडी टेकून दारात आला. मी म्हणालो, "गलती तुम्हारी नहीं थी। दरवाज़ा खुला था।" मग वळून त्याने बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. ती पिठाने भरलेले हात घेऊन आली.

"साहब," तो म्हणाला, "एक बार इसके सामने बोल दीजिए।"

मी पुन्हा बोललो, मोठ्याने, जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. बायकोने तशाच पिठाच्या हातांनी त्याचं डोकं खांद्याशी धरलं, आणि तो चाळिशीचा माणूस हुंदके देऊन रडला.

म्हणून मी त्या अर्जावर सही केली नाही. पुन्हा आणलात तरी करणार नाही.